हिवाळ्यात सकाळी जुनी गाडी सुरू होत नाही? बिघाड टप्प्याटप्प्याने असा शोधा

नागपूरच्या थंडीला उगाच बदनाम करू नये. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा बहुतेक ८ ते १२ अंशांत राहतो. २०१८ च्या डिसेंबरअखेर तो ३.५ वर आला, तर त्याची बातमी झाली. धडधाकट इंजिनाला ८ अंशांचं काही वाटत नाही. जुन्या गाड्यांत सर्रास पडणारं २०डब्ल्यू-४० ऑइलसुद्धा उणे १५ अंशांना इंजिन फिरवता यावं अशा कसोटीवर उतरलेलं असतं, त्यामुळे 'ऑइल घट्ट झालं असेल' हे कारण आपल्याकडे तरी टिकत नाही. सकाळी गाडी रुसते ती एखादा भाग आधीच निम्मा गेलेला असतो म्हणून. तो बऱ्याचदा मे महिन्यातच गेलेला असतो, कळतं डिसेंबरात.

मारुती ८००, ओम्नी, झेन, पद्मिनी, अॅम्बेसेडर, सुरुवातीची सँट्रो, डिझेल इंडिका, सुमो, जीप अशा गाड्या डोळ्यांपुढे ठेवून पुढचा क्रम लावला आहे. तो मोडू नका. प्लग बदलले, कार्बोरेटर खोलून धुतला आणि शेवटी बॅटरीचं टर्मिनल सैल निघालं, हे गॅरेजात नेहमीचं आहे.

हाताशी डिजिटल मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प (१२ व्होल्टचा बल्ब आणि दोन वायरी), १० नंबरचा पाना, प्लग पाना, फिलर गेज आणि बॅटरीचं हायड्रोमीटर ठेवा. किल्ली फिरवायला दुसरं माणूस लागेल. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, गॅरेजचं शटर पूर्ण उघडं.

आधी कान लावा

किल्ली फिरवल्यावर पहिल्या ५ सेकंदांत काय ऐकू येतं, त्यावर पुढची दिशा ठरते.

इंजिन 'घुंऽ... घुंऽ...' करत जड फिरत असेल, किंवा नुसतं 'टकटकटक' वाजत असेल, तर प्लग-पेट्रोलकडे वळूच नका. दोष बॅटरी, वायरी किंवा सेल्फमध्ये आहे. एकच जोरदार 'टक्' होऊन सगळं गप्प होत असेल, तर सेल्फच्या सोलेनॉइडपर्यंत (सेल्फला करंट जोडणारा विजेचा खटका) करंट पोचतोय, पुढे अडतोय. दिवे लख्ख असून काहीच आवाज नसेल, तर किल्लीचा स्विच, रिले किंवा सोलेनॉइडची बारीक वायर बघायची. इंजिन नेहमीच्या वेगाने फिरतंय पण धरत नाही, तर स्पार्क किंवा इंधन. आणि नेहमीपेक्षा हलकं, सरसर, एकसुरी फिरत असेल तर ताबडतोब थांबा: टायमिंग बेल्ट तुटला किंवा सरकला असण्याची शक्यता आहे. कव्हर काढून बघितल्याशिवाय पुन्हा सेल्फ मारू नका.

शंका असेल तर हेडलाइट लावून किल्ली फिरवा. दिवे पार विझले तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल सैल आहे. थोडे मंद होऊन नुसतं 'टक्' झालं, तर सेल्फवर संशय घ्या. दिव्यांना काही फरकच पडला नाही, तर करंट सेल्फकडे निघतच नाहीये.

एका दमात ५ सेकंद, फार तर १०. मग ३० सेकंद विश्रांती. सलग सेल्फ मारत राहिलं की मोटर तापते, बॅटरी बसते, प्लग पेट्रोलने ओले होतात, आणि एका बिघाडाचे तीन होऊन बसतात.

बॅटरी: उन्हाने मारलेली, थंडीत सापडलेली

लेड-अॅसिड बॅटरीचा खरा वैरी उष्णता. तापमान सतत ८-१० अंशांनी जास्त राहिलं की तिचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, हा ढोबळ नियम आहे. नागपूरचा उन्हाळा ४५-४६ अंशांचा, उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. पाणी उडतं, प्लेटांचा वरचा भाग उघडा पडतो आणि त्यावर सल्फेटचा कडक थर बसतो. तेवढा भाग कायमचा कामातून जातो. पावसाळाभर हे लक्षात येत नाही, कारण कोमट इंजिन फिरवायला निम्मी बॅटरीही पुरते. १० अंशांना मात्र बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते आणि तिची ताकद आणखी घसरते, तर गार ऑइलमुळे इंजिन थोडं जास्त जोर मागतं. दोन्ही बाजूंनी कात्री.

मोजायची कशी? रात्री गाडी फिरवून आल्या आल्या घेतलेला आकडा खोटा असतो, चार्जिंगचा वरवरचा फुगवटा त्यात धरलेला असतो. गाडी आवारात, कुलपाआड असेल तर बॉनेट आदल्या रात्रीच उघडून नुसतं टेकवून ठेवा. सकाळी दार न उघडता, म्हणजे आतला दिवा न पेटवता, थेट बॅटरीवर मीटर लावा.

१२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ ला निम्मी. १२.० ला पाव. ११.८ म्हणजे रिकामी. १०.५ च्या आसपास आकडा आला तर एक सेल बसलेला असतो. ती बॅटरी चार्ज करत बसण्यात अर्थ नाही.

नुसता व्होल्टेज पुरेसा नाही. म्हातारी बॅटरी निवांत असताना १२.५ दाखवते आणि भार पडताच कोसळते. म्हणून खरी परीक्षा सेल्फ मारतानाची. पेट्रोल गाडीत इंजिन सुरू होऊ नये म्हणून कॉइलची बारीक वायर सोडवा (एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टर असलेली गाडी असेल तर फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, डिझेलला इंजेक्शन पंपाच्या स्टॉप सोलेनॉइडची वायर), मीटर बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंट्यांवर धरा आणि दुसऱ्याला १० सेकंद सेल्फ मारायला सांगा. आकडा ९.६ व्होल्टच्या वर टिकला पाहिजे. नागपूरच्या पहाटेच्या थंडीत ९.४ पर्यंत चालवून घ्या. १२.५ वरून थेट ८ वर आपटली तर बॅटरी गेली, दुकानदार काहीही म्हणो.

झाकणं उघडता येणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने प्रत्येक सेल बघा. भरलेल्या बॅटरीत घनता १.२४० ते १.२८० दरम्यान असते. उष्ण प्रदेशासाठीच्या बॅटऱ्या मुद्दाम थोड्या खालच्या घनतेच्या भरलेल्या असतात. हे आकडे २७ अंशांचे आहेत. पहाटे १० अंशांना वाचलेल्या आकड्यातून साधारण ०.०१२ वजा करा, नाहीतर बॅटरी आहे त्यापेक्षा चांगली वाटेल. खरं लक्ष सेल-सेलमधल्या फरकाकडे द्यायचं. पाच सेल १.२५० आणि एक १.१९० असेल, तर तो एक सेल बाकीच्या पाचांना घेऊन बुडणार.

पाणी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर, प्लेटांच्या वर १० ते १५ मिलिमीटर. आरओचं नको, एसीच्या नळीतून ठिबकणारंही नको. अॅसिड तर कधीच वरून घालू नका. उडतं ते पाणी. अॅसिड आतच असतं. हे सगळं करताना जवळ बिडी-काडी नको. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो.

बॅटरी चांगली असूनही रोज उतरत असेल तर दोन प्रश्न उरतात: भरत नाहीये, की रात्री कोणी पितंय?

गाडी सुरू झाल्यावर बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. हेडलाइट आणि ब्लोअर लावूनही १३.५ च्या खाली जायला नको. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर बिघडलाय आणि तो बॅटरी उकळतोय. अल्टरनेटरचा बेल्ट अंगठ्याने दाबून ८-१० मिलिमीटर लवला पाहिजे. सकाळी सुरू होताच किंचाळत असेल तर घसरतोय. सगळं ठीक असूनही रोजचा प्रवास धरमपेठ ते सीताबर्डी एवढाच, तोही सिग्नलवर थांबत, असेल तर एका थंड स्टार्टमध्ये गेलेला चार्ज भरून निघत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास वर्धा रोडला किंवा काटोल रोडला पळवून आणा.

रात्रीची गळती मोजायला मल्टिमीटर १० अँपिअरच्या सॉकेटला लावून निगेटिव्ह केबल आणि बॅटरीच्या मध्ये जोडा. दारं बंद ठेवा; ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) असलेल्या गाडीत २०-३० मिनिटं थांबा. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर हरकत नाही, साध्या कार्बोरेटर गाडीत त्याच्याही निम्म्यात हवं. जास्त आलं तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडतो, गळती त्या सर्किटमध्ये. जुन्या गाडीत चोर बहुतेक मागून बसवलेला निघतो: म्युझिक सिस्टीम, सेंट्रल लॉक, जीपीएस ट्रॅकर. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटर जळेल.

टर्मिनल आणि अर्थिंग: जिथे कोणी बघत नाही

टर्मिनलवर साचलेली पांढरी-निळी बुरशी सगळ्यांना दिसते. त्रास देतो तो न दिसणारा थर. निगेटिव्ह आधी, मग पॉझिटिव्ह अशी क्लॅम्प काढून आतल्या बाजूला बोट फिरवा: वरून चकचकीत असलेल्या क्लॅम्पच्या आत काळपट, गुळगुळीत कवच बसलेलं असतं आणि शिशाच्या खुंटीवरही तसंच काळं कडं. या दोन कवचांतून हेडलाइटचे ८-१० अँपिअर सहज जातात, म्हणून दिवे लख्ख. सेल्फ मागतो १०० अँपिअर किंवा जास्त, आणि तिथे सगळं अडतं.

खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून धुवा (झाकणांच्या भोकांतून आत जाऊ देऊ नका), सँडपेपरने दोन्ही पृष्ठभाग शिशाचा राखी रंग दिसेपर्यंत घासा, आधी पॉझिटिव्ह आणि शेवटी निगेटिव्ह कसा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. आधी जेली लावून मग कसायचं नाही. कसलेला क्लॅम्प हाताने पिळून हलता कामा नये. क्लॅम्प खुंटीला मोठा पडतो म्हणून आत पत्र्याची चकती कोंबलेली दिसली, तर क्लॅम्पच बदला.

त्यानंतर केबल. डोळ्यांनी बघून केबलची पारख होत नाही, मीटरने होते. सेल्फ मारत असताना मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरं इंजिनच्या स्वच्छ धातूवर धरा. ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी कुजलीय किंवा तिचा बोल्ट गंजलाय. मग एक टोक पॉझिटिव्ह खुंटीवर आणि दुसरं सेल्फच्या जाड वायरीच्या बोल्टवर: इथे ०.५ व्होल्टपर्यंत चालतं. इंजिन ते बॉडी ही विणलेली अर्थ पट्टी जुन्या गाड्यांत तुटून लोंबत असते किंवा गिअरबॉक्सच्या कामानंतर परत बसवलेलीच नसते. मग सेल्फचा करंट अॅक्सिलरेटरच्या आणि चोकच्या केबलीतून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम लागली, तर दुसरा पुरावा शोधायची गरज नाही.

सेल्फ

बॅटरी आणि केबल पास झाल्या, सेल्फच्या जाड बोल्टवर सेल्फ मारताना ९.५ च्या वर व्होल्ट येतात आणि तरी इंजिन जड फिरतं, तर सेल्फ उतरवा. झिजलेले कार्बन (ब्रश) आणि ढिले बुश ही नेहमीची कारणं. बुश ढिला झाला की आर्मेचर आतून घासतं आणि दुप्पट करंट खातं. नुसतं 'टक्' होत असेल तर सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळालेले असतात. सेल्फच्या अंगावर लाकडी दांड्याने हलके ठोकून गाडी सुरू झाली तर कार्बन संपलेत एवढं नक्की. तो उपाय नाही, सूचना आहे.

जम्पर आणि धक्का

लाल केबल बसलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि शेवटचं काळं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या धातूला, बॅटरीपासून लांब. ठिणगी तिथेच पडते, म्हणून. चांगली गाडी सुरू ठेवून ५ मिनिटं थांबा, मग सेल्फ मारा. काढताना उलटा क्रम.

धक्का मारायचा तर दुसऱ्या गिअरमध्ये, पहिल्यात नाही. पहिल्यात चाकं लॉक होऊन टायमिंग बेल्टला झटका बसतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या एमपीएफआय गाडीला धक्का देत बसू नका, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो वितळतो. आणि गाडी सुरू झाल्यावर 'अल्टरनेटर बघू' म्हणून बॅटरीची वायर काढायची जुनी सवय ईसीयूच्या गाडीत महागात पडते.

फिरतंय पण धरत नाही: आधी स्पार्क

एक खूण लक्षात ठेवा. सेल्फ मारताना इंजिन धरत नाही, पण किल्ली सोडताक्षणी एक-दोनदा भडकतं. याचा अर्थ सेल्फ सगळा करंट ओढून घेतोय आणि कॉइलला व्होल्टेज उरत नाही. परत बॅटरी आणि केबलकडे जा.

तसं नसेल तर पहिल्या सिलिंडरची प्लग वायर काढा, तिला जुना पण चांगला प्लग लावा, प्लगचा धातू जम्पर वायरने इंजिनला जोडा आणि सेल्फ मारून बघा. हाताने धरू नका. ठिणगी निळी-पांढरी, टणक 'चट्' आवाजाची हवी. पिवळी किंवा लालसर, केसासारखी बारीक असेल तर ती गार, दाबाखालच्या मिश्रणाला पेटवणार नाही.

ठिणगी कमजोर असेल तर शेवटून सुरुवातीकडे या. प्लगची गॅप जास्त झालेली असते: पॉइंटवाल्या (उघडझाप करणाऱ्या कॉन्टॅक्टने ठिणगी पाडणाऱ्या) गाडीत साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर, एमपीएफआयमध्ये बहुतेक १.० ते १.१, आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधून घ्या. डेल्कोचं (प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं) झाकण काढून आतून बघा. पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ एका खुंटीपासून दुसऱ्या खुंटीकडे गेलेली दिसली तर ती कार्बनची वाट आहे. पुसून जात नाही, झाकण बदलावं लागतं. मधलं कार्बनचं बटण आणि त्याची स्प्रिंग शाबूत आहे का तेही बघा. पॉइंट असतील तर त्यांची गॅप ०.४ ते ०.५, पृष्ठभाग सपाट आणि कोरडा. कॉइलचं प्रायमरी सुमारे ३ ओहम (बॅलास्ट असेल तर दीडच्या आसपास), सेकंडरी ६ ते १५ हजार ओहम.

दंवाची तऱ्हा वेगळी. बेसा, हिंगणा, कामठी रोडकडच्या मोकळ्या लेआउटमध्ये उघड्यावर गाडी उभी असली की पहाटे बॉनेटखालीही ओल धरते, आणि जुन्या प्लग वायरी त्या ओलीतून करंट गळू देतात. उजाडायच्या आधी, अंधारात बॉनेट उघडून सेल्फ मारा: वायरींवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या तर वायरींचा अख्खा सेट बदला. गाडी ९ वाजता उन्हात आपोआप सुरू होत असेल तर बहुतेक हेच. तोवर कोरड्या कापडाने झाकण आतून-बाहेरून पुसून काम भागतं.

कार्बोरेटर, चोक आणि आताचं पेट्रोल

स्पार्क चांगला आहे? मग एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडात बघा. इंजिन बंद ठेवून अॅक्सिलरेटरची लिव्हर हाताने झटकन फिरवा. आत पेट्रोलची बारीक धार उडाली पाहिजे. नाही उडाली तर फ्लोट चेंबर (कार्बोरेटरमधली पेट्रोलची वाटी) रिकामं आहे. रात्रभरात पेट्रोल मागे उतरतं याचं कारण एसी पंपाचा (इंजिनावर चालणारा पेट्रोलचा पंप) कडक झालेला पडदा, त्याची झडप किंवा टाकीकडून येणाऱ्या रबरी पाइपची चीर. चाचणीपुरतं सिरिंजने ३-४ मिलिलिटर पेट्रोल कार्बोरेटरमध्ये सोडा, एअर फिल्टर परत बसवा आणि मगच सेल्फ मारा. दोन-चार सेकंद चालून बंद पडली तर पंप किंवा पाइप. फिल्टर न बसवता सेल्फ मारला आणि इंजिन उलटं भडकलं, तर चेहऱ्यापर्यंत जाळ येतो.

चोक ओढल्यावर वरची पाकळी पूर्ण मिटते का ते डोळ्यांनी बघा. नॉब बाहेर आला म्हणजे पाकळी मिटली असं नसतं. केबल आतल्या क्लॅम्पमधून सरकलेली असते आणि पाकळी निम्मीच फिरते. गार गाडीला पूर्ण चोक, अॅक्सिलरेटर एक-दोनदा दाबून सोडायचा, मग पाय काढून सेल्फ. धरली की चोक हळूहळू आत. आठ-दहा वेळा रेस दिली की गाडी ओव्हर होते: पेट्रोलचा वास आणि प्लग ओले. मग चोक पूर्ण आत, अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरा, पंप करू नका, आणि ८-१० सेकंद सेल्फ मारा. तरी नाही तर प्लग काढून वाळवा.

पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, आणि जुन्या गाड्या त्याच्यासाठी बनलेल्या नाहीत. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या साधारण अडीचपट उष्णता लागते, शिवाय तेवढ्याच हवेला ते जास्त प्रमाणात लागतं. म्हणजे गार सकाळी मिश्रण आपोआप पातळ. पूर्वी निम्म्या चोकवर सुरू होणारी गाडी आता पूर्ण चोक मागते ती यामुळे. इथेनॉल पाणीही ओढतं, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की दोघं मिळून टाकीच्या तळाशी बसतात. पंप तिथूनच ओढतो. दोन महिने उभ्या असलेल्या गाडीत काचेच्या बाटलीत १०० मिलिलिटर पेट्रोल काढा आणि १५ मिनिटं ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर ते सगळं पेट्रोल उपसून टाका. जुने रबरी पाइप आणि पंपाचे पडदेही याने फुगतात-चिरतात, बदलताना इथेनॉल चालणाऱ्या दर्जाचेच घ्या.

एलपीजी किंवा सीएनजी किटवाल्या ओम्नी-८०० ला सकाळी पेट्रोलवरच सुरू करा, इंजिन कोमट झालं की गॅसवर टाका. एलपीजीचा व्हेपोरायझर रेडिएटरच्या गरम पाण्यावर चालतो, ते गार असताना त्याचंच आत बर्फ होतं. वर्षभर गॅसवरच चालवलेल्या गाडीत कार्बोरेटर वाळून जेटमध्ये डिंक बसलेला असतो, तो आधी साफ करावा लागतो.

एमपीएफआय

किल्ली ऑन केल्यावर मागच्या सीटखालून पंपाचा २-३ सेकंद गुणगुणण्याचा आवाज यायला हवा. आवाज नसेल तर फ्यूज, रिले, पंप. आवाज आहे पण धरत नाही, तर सेल्फ न मारता किल्ली तीनदा ऑन-ऑफ करा, मग सुरू करा. लगेच सुरू झाली तर रात्रभरात लाइनमधला दाब उतरतोय आणि पंपातली चेक व्हॉल्व्ह किंवा एखादा इंजेक्टर गळतोय.

फक्त गार असतानाच त्रास, गरम झाल्यावर काहीच नाही, अशा गाडीत कूलंट टेंपरेचर सेन्सर आधी तपासा. तो ईसीयूला 'इंजिन गरम आहे' असं सांगत राहिला तर ईसीयू जास्तीचं पेट्रोल देतच नाही. कनेक्टर काढून ओहम मोजा: २० अंशांना साधारण २ ते ३ हजार ओहम, १० अंशांना त्याहून जास्त, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. पहाटे गार इंजिनला ३०० दाखवत असेल तर दोषी सापडला. डॅशबोर्डच्या काट्याचा सेन्सर बहुतेक गाड्यांत वेगळा असतो, काटा बरोबर आहे म्हणून यालाही सोडू नका.

डिझेल

मागून सायलेन्सरकडे बघा. सेल्फ मारताना पांढरा धूर येतोय तर डिझेल पोचतंय पण पेटत नाहीये: हीटर प्लग किंवा कॉम्प्रेशन. धूरच नाही तर डिझेल पोचत नाहीये.

इंडिकासारख्या किंवा जुन्या प्यूजो इंजिनच्या जीपसारख्या प्री-चेंबर इंजिनांना हीटर प्लगशिवाय थंडीत सुरू होणं जड जातं. डॅशबोर्डवरचा हीटरचा दिवा फक्त टायमर चालल्याचं सांगतो, प्लग तापल्याचं नाही. किल्ली ऑन करून प्लगांच्या पट्टीवर मीटर लावा: ११ व्होल्ट किंवा जास्त हवे, नसेल तर रिले किंवा त्याचा मोठा फ्यूज. मग पट्टी काढून टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं एकेका प्लगच्या टोकाला: दिवा पेटला नाही तो प्लग मेला. चांगल्या प्लगचा रोध १ ओहमच्या आसपास असतो. चारपैकी एक गेला तर गाडी थरथरत, पांढरा धूर ओकत सुरू होते. दोन गेले की सकाळी सुरूच होत नाही. बदलताना चारही एकदम.

डिझेल पोचत नसेल तर स्टॉप सोलेनॉइडला किल्ली ऑनवर १२ व्होल्ट येतात का बघा, मग हवा. रात्रभर हवा धरते ती फिल्टरच्या रबरी रिंगेतून, हँड पंपातून किंवा सैल क्लिपमधून, जिथून डिझेल गळताना दिसतही नाही. फिल्टर आणि इंजेक्शन पंपाच्या मध्ये पारदर्शक पाइपचा तुकडा जोडा. बुडबुडे दिसले की त्याच्या मागे शोधत जा. डिझेल गोठण्याची भीती इथे बाळगायचं कारण नाही: हिवाळ्यातल्या डिझेलचा ओतांक (ज्याच्या खाली ते वाहत नाही ते तापमान) प्रमाणानुसार ३ अंशांपर्यंतच चालतो.

जीपवाल्यांची पेटती चिंधी हवेच्या पाइपपुढे धरायची युक्ती किंवा ईथरचा स्प्रे, दोन्ही टाळा. तापलेल्या हीटर प्लगवर ईथर गेला तर स्फोट मॅनिफोल्डमध्येच होतो.

सगळं ठीक, तरी नाही: कॉम्प्रेशन

पेट्रोल गाडीत सगळे प्लग काढा, कॉइलची वायर सोडवा (एमपीएफआय असेल तर पंपाचा फ्यूजही), अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवा आणि गेज लावून प्रत्येक सिलिंडरला ५-६ फेरे द्या. बॅटरी भरलेली हवी, नाहीतर आकडे कमीच येतील. लहान पेट्रोल इंजिनात ११ ते १३ किलो (प्रति चौरस सेंटिमीटर) चांगले. ८-९ च्या खाली गेलं की थंडीत त्रास ठरलेला. सिलिंडर-सिलिंडरमध्ये दीड किलोपेक्षा जास्त फरक नको. जुन्या प्री-चेंबर डिझेलला साधारण २५ ते ३० किलो हवेत, २० च्या खाली हीटर प्लग नवे घालूनही सकाळ अवघडच जाते. त्याचं गेज वेगळं असतं, पेट्रोलचं लावू नका.

कमी आलेल्या पेट्रोल सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा २-३ किलोने वर आला तर रिंगा झिजल्यात. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन्ही सिलिंडर सारखेच पडले असतील तर हेड गॅस्केट दोघांच्या मधे फुटलंय. व्हॉल्व्हचा संशय आला तरी लगेच हेड खोलू देऊ नका. आधी गार इंजिनवर टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची) गॅप मॅन्युअलच्या मापाला लावून घ्या. गॅसवर चाललेल्या गाड्यांत व्हॉल्व्हच्या सीटा खाली बसतात, गॅप संपते आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. अशा गाडीत तासाभराच्या टॅपेट सेटिंगने आकडा बऱ्याचदा वर येतो, आणि हेडचं काम तिथेच वाचतं.